प्रोसेसर किती तापला म्हणजे तापला?

मे महिना आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. प्रिंटर, वायफाय, विसरलेले पासवर्ड मागे पडतात आणि ‘सीपीयू तापतोय’ हे गाऱ्हाणं पुढे येतं. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आहे. खालच्या उत्तरांत डब्याला कॅबिनेट म्हटलं आहे आणि आतल्या चिपला प्रोसेसर. नुसतं कूलर म्हटलं की प्रोसेसर थंड ठेवणारा, खोलीतला तो डेझर्ट कूलर. सगळी तापमानं सेल्सिअसमधली.

प्रश्न : माझ्याकडे आय५-१२४००एफ प्रोसेसर आहे, कूलर त्याच्या खोक्यात आलेलाच. डिसेंबरात मशीन नुसतं चालू असताना ३३ अंश दिसायचे, व्हिडिओ रेंडर करताना ६६. आता ४६ आणि ७७ दिसतात. खोलीत तेव्हा २४ असायचे, आता ३७ असतात. प्रोसेसर खराब होतोय का? डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडला तर चालेल का? (नागपूर)

खोलीचं तापमान लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. वजाबाकी करून पाहा. डिसेंबरात ३३ वजा २४ म्हणजे ९. आता ४६ वजा ३७, तेही ९. रेंडर करताना तेव्हा फरक ४२ चा होता, आता ४० चा आहे. मशीन होतं तसंच आहे, वाढला तो उन्हाळा. (रेंडरमधले ते दोन अंश कमी झाले, कारण तापमान चढलं की पंखा आपोआप जोरात फिरतो.)

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पाण्यावर चालणाराही नाही, कारण तोही उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. एवढे वॅट खर्च होत असताना प्रोसेसर खोलीच्या किती वर राहील, इतकंच कूलरच्या हातात असतं. खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण एका अंशाने चढतो. त्यामुळे ‘माझा ७७ वर जातो’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. खोलीत किती होते आणि मशीनवर काम कोणतं चाललं होतं, हे सोबत हवं.

खोक्यातल्या कूलरवर नुसतं चालू मशीन खोलीच्या ८ ते २० अंश वर असणं आणि पूर्ण भाराखाली ३५ ते ५० अंश वर जाणं हे नेहमीचं आहे. तुमच्या चिपची कमाल मर्यादा १०० अंश. तिथे पोहोचली की ती जळत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करते. म्हणजे ७७ ला तुमच्याकडे अजून २३ अंश शिल्लक आहेत. भाराखाली ८० च्या आत असेल तर तो आकडा विसरून जा. ८० ते ९० असेल आणि पूर्वीही तसंच असेल, तर चालू द्या. त्याच खोलीत, त्याच कामाला पूर्वीपेक्षा दहा अंश जास्त दिसू लागले, तर मात्र कारण शोधायला बसा.

डेझर्ट कूलर खोलीत जरूर असू द्या. खोली ३७ वरून ३० वर आली तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच उतरेल. पण झोत थेट कॅबिनेटच्या तोंडावर नको. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांमधून पाण्याचे बारीक थेंबही उडतात. बोअरचं पाणी असेल तर थेंब सुकल्यावर क्षारांचा पांढरा थर मागे उरतो, तो मदरबोर्डवर बसलेला बरा नव्हे. सहा-आठ फूट अंतर ठेवा आणि झोत बाजूने जाऊ द्या. दमट हवेमुळे आत दव धरेल ही भीती अनेकांना असते. ती अनाठायी आहे. दव थंड वस्तूवर धरतं आणि चालू मशीनच्या आतलं सगळं हवेपेक्षा गरम असतं.

प्रश्न : एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की तापमानाचे पंधरा-वीस आकडे दिसतात. खरा कोणता? बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) ५२ दिसतात आणि विंडोजमध्ये ३८. शिवाय माझ्या आय५-४४६० ची मर्यादा कंपनीच्या माहितीत ७२.७२ अंश दिली आहे आणि मशीन ७८ वर चालतंय! (पुणे)

इंटेल असेल तर ‘सीपीयू पॅकेज’ ही ओळ पाहा. चिपमधल्या सर्वांत गरम जागेचं तापमान तिथे मिळतं. एएमडी रायझन असेल तर ‘टीसीटीएल/टीडाय’ पाहा. नुसतं ‘सीपीयू’ असं मदरबोर्डच्या यादीत दिसतं तो बहुधा सॉकेटजवळचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेजवळचा) किंवा मदरबोर्डने आपल्या पद्धतीने मोजलेला आकडा असतो, त्यावर भिस्त ठेवू नका. रायझनच्या अगदी पहिल्या पिढीत, म्हणजे २०१७ च्या १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्समध्ये, ‘टीसीटीएल’ खऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त दाखवलेलं असे. जुनी रायझन घेतली असेल तर हे लक्षात ठेवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवाल्यांना ‘सेन्सर्स’ ही आज्ञा पुरते.

बायोसमध्ये आकडा जास्त दिसतो, कारण तिथे प्रोसेसर झोपत नाही. विंडोज रिकामं असताना कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, सेकंदात असंख्य वेळा डुलक्या घेतात आणि वीज वाचवतात. बायोसमध्ये ती सोय बहुधा चालू नसते.

७२.७२ हा आकडा बऱ्याच जणांना उगाच घाबरवतो. ते चिपच्या आतलं तापमान नाही. प्रोसेसरवरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमध मोजायचं ते तापमान आहे, आणि घरच्या मशीनमध्ये तिथे सेन्सरच नसतो. ती मर्यादा कूलर बनवणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला दिसणारे ७८ चिपच्या आतले. दोन्हींची तुलनाच होत नाही.

प्रश्न : नवीन असेंबल केलेला रायझन ५ ५६००. काही न करता ३८ ते ४० अंश असतात, ब्राउझर उघडला की क्षणात ५५, पुन्हा खाली. पंखाही रिक्षा रेस केल्यासारखा वर-खाली आवाज करतो. कूलर नीट बसला नाही का? (नाशिक)

बसला आहे. रायझनचा हा स्वभावच आहे. ब्राउझरसारखं छोटं काम आलं की एखादा कोअर ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत उडी मारतो, त्यासाठी त्याला बराच चढा व्होल्टेज मिळतो, आणि ज्या सिलिकॉनच्या तुकड्यात हे सगळं घडतं तो जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा आहे, अंगठ्याच्या नखाहूनही लहान. एवढ्याशा जागेतली उष्णता झाकणापर्यंत पसरायला वेळ लागतो, तोवर सेन्सर उडी दाखवून मोकळा होतो. १०-१५ अंशांच्या अशा उड्या निरुपद्रवी असतात. दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवा. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा ८० च्या आसपास स्थिर राहिला तर कूलर चोख बसला आहे. या चिपची मर्यादा ९० अंश आहे.

इलाज आवाजावर करायचा. बायोसमध्ये फॅनच्या सेटिंगला जा. तिथे पंख्याने किती सेकंद थांबून वेग वाढवायचा ते ठरवता येतं. वाढवण्यासाठी ३-५ सेकंद आणि कमी करण्यासाठी त्याहून थोडे जास्त ठेवा. मग वेगाची रेषा अशी लावा: ५५ अंशांपर्यंत सपाट ३५-४० टक्के, ७० ला ६० टक्के, ८० ला १०० टक्के. पंखा चार पिनांचा असेल तर मोड ‘पीडब्ल्यूएम’ हवा. तीन पिनांचा असेल तर ‘डीसी’. हा मोड चुकला तर पंखा एकतर सतत पूर्ण वेगाने ओरडतो किंवा कमी वेगाला थांबतो.

प्रश्न : फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे. आय५ चौथ्या पिढीचं जुनं मशीन. मोठी फाइल एक्स्पोर्टला टाकली की पाच सेकंदांत ९८ अंश, मग डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर अगदी गोगलगाय. दुरुस्तीवाल्याने पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता पुढे नेणारा लेप) बदलून दिली, तरी फरक नाही. नवीन मशीन घ्यायला सांगतात. (सांगली)

घेऊ नका, निदान इतक्यात तरी. तुमच्या पत्रातले ‘पाच सेकंदांत’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. तापमान किती गेलं याहून ते कसं चढलं यावर निदान ठरतं.

भार टाकल्याबरोबर सेकंदा-दोन सेकंदांत ९० पार झालं, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये (कूलरच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यात) जातच नाही. तो दोष बैठकीचा किंवा पेस्टचा. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर हीटसिंक उष्णता घेतोय, पण ती बाहेर टाकायला थंड हवा मिळत नाही. तो दोष धुळीचा किंवा कॅबिनेटचा. तुमचं दुखणं पहिल्या जातीचं आहे. आणखी एक खूण पाहा: ९८ अंश असताना हीटसिंकच्या पात्यांना बोट लावा. ती कोमट असतील तर उष्णता वर आलेलीच नाही.

चौथ्या पिढीच्या खोक्यातल्या कूलरला चार पुश पिना असतात, आणि दहांतल्या नऊ वेळा, आमच्या मते, गोची तिथेच असते. एक जरी पिन अर्धवट राहिली तरी हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो. मध्ये हवेचा थर येतो. हवेची उष्णतावहनक्षमता ०.०२६, साध्या पेस्टची ४ ते ८, तांब्याची ४०० च्या घरात. (एकक वॅट प्रति मीटर केल्विन, पण आकड्यांमधला फरक पुरेसा बोलका आहे.) केसभर हवा म्हणजे प्रोसेसरवर गोधडी टाकल्यासारखं. अशा वेळी पेस्ट कितीही भारी असली तरी ती फट भरून निघत नाही.

काम असं करा. मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवं झोपवा. पंख्याची वायर मदरबोर्डवरून सोडवा. चारही पिनांचं डोकं त्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवा आणि पिना वर ओढा. हीटसिंक सरळ उपटू नका, डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. (रायझनच्या एएम४ सॉकेटमध्ये हे आणखी महत्त्वाचं. तिथे चिकटलेल्या पेस्टबरोबर अख्खा प्रोसेसर उपटून हातात येतो आणि त्याच्या पिना वाकतात. तसं असेल तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून लगेच उघडा.)

आता जुन्या पेस्टचा ठसा वाचा. मधोमध पातळ, सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर बैठक ठीक होती. एका कोपऱ्याला जाड आणि समोरच्याला पातळ असेल तर चोर सापडला. पेस्ट खडूसारखी भुरभुरीत झाली असेल तर ती कधीच बदलली गेली नाही. हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दिसली तर हसू नका. नव्या कूलरवरची ती पट्टी सोलायची राहून जाते, नवशिक्यांकडूनच असं नाही.

दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध असलेलं घ्या. चष्म्याच्या कापडासारखं धागे न सोडणारं कापड वापरा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा पाणी नको. नवी पेस्ट झाकणाच्या मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी. बोटाने पसरवू नका, हीटसिंकच्या दाबाने ती स्वतःच पसरते. जास्त घातली तर ती बाजूंनी बाहेर येते आणि पसारा होतो. फार कमी घातली तर कोपरे कोरडे राहतात. एक ग्रॅमच्या नळीत अशी तीन-चार कामं होतात.

पिना बसवण्याआधी चारही डोकी मूळ जागी आणा, म्हणजे बाणाच्या उलट फिरवून. इथेच घोटाळा होतो: डोकं सोडवण्याच्या स्थितीत राहिलं तर पिन दाबल्यावर बसल्यासारखी वाटते आणि नंतर हळूच वर येते. पिना समोरासमोरच्या कर्णावरच्या जोडीने दाबा, ओळीने नाही. ‘टक्क’ असा आवाज आला पाहिजे. मग हीटसिंक हलवून पाहा, जरासुद्धा हलता कामा नये. शक्य असेल तर मदरबोर्डच्या मागून बघा: चारही ठिकाणी प्लास्टिकचे काटे पूर्ण बाहेर आलेले आणि त्यांच्या मधोमध काळी पिन शिरलेली दिसली पाहिजे. एखाद्या पिनचा काटा तुटला असेल तर तिला चिकटपट्टी लावून काम होत नाही. एलजीए ११५० ला, म्हणजे तुमच्या सॉकेटला, बसणारा नवा कूलर घ्या. या सॉकेटच्या कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे. बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या एलजीए १७०० चं ७८ आहे, म्हणून त्याचा कूलर तुम्हाला चालणार नाही. शेवटी पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. ती दुसरीकडे लागली तर चालू करताना बरेच मदरबोर्ड ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून अडून बसतात.

प्रश्न : गेम सुरू केल्यावर पंचवीस मिनिटं ठीक, मग ८८ अंश. धूळ साफ केली आहे. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात आहे. मशीन कधीकधी पटकन बंदही पडतं. (डोंबिवली)

संशयित तुम्हीच सांगितलात. कप्पा. कॅबिनेटच्या मागून निघालेली गरम हवा टेबलाच्या मागच्या फळीवर आपटते, वळते आणि पुढून पुन्हा आत शिरते. प्रोसेसरला खोली ३२ अंशांची नसून ४२ ची वाटते.

खात्रीसाठी एक फुकटची चाचणी. त्याच गेममध्ये, तेवढाच वेळ, आधी जसं आहे तसं मोजा. मग कॅबिनेट बाहेर काढून मोजा. मग बाजूचं झाकण उघडून मोजा. बाहेर काढल्यावर पाचाहून जास्त अंश उतरले तर दोष कप्प्याचा. झाकण उघडल्यावर आणखी पाच-आठ उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच उतरलं नाही तर वरचं सांगलीचं उत्तर वाचा.

कप्प्यातच ठेवायचं असेल तर मागची फळी कापून घ्या, मागे चार-सहा इंच मोकळे सोडा. पुढून १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेकांना पुरतं. वाऱ्याची दिशा ओळखायची खूण: पंख्याच्या ज्या बाजूला आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढची बाजू अखंड काचेची असेल, तर पंखे कितीही लावा, त्यांना हवा येणार कुठून?

बंद पडण्याचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. ८८ ला प्रोसेसर मशीन बंद करत नाही. मर्यादेला तो आधी वेग कमी करतो, आणि त्याच्याही बराच वर गेला तरच बंद पाडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसेल, पण त्याचा अर्थ फक्त ‘अचानक वीज गेली’ एवढाच, कारण तो सांगत नाही. अशा वेळी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) तपासा. त्याच्या पंख्याची जाळी धुळीने भरली आहे का पाहा, आणि शक्य असेल तर ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस आणून दोन दिवस चालवून बघा. कप्प्याच्या गरम हवेत तोही भाजत असतो.

धूळ साफ करताना ब्लोअर मारत असाल तर पंख्याची पाती काडीने अडवून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा वेडावाकडा फिरला की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नळीसकट आत घालू नका, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज साठते. आणि पंखा काढून त्याच्या खाली बघा. पंखा आणि पात्यांच्या मध्ये धुळीचा जो नमदा बसतो तो वरून दिसत नाही.

प्रश्न : आय७-१४७००के, ३६० मिमीचा पाण्याचा कूलर, तरी सिनेबेंचला १०० अंश. कूलर बदलू? (पिंपरी)

आधी बायोस बघा. या चिपची ठरलेली वीज १२५ वॅट, कमाल २५३. पण कित्येक मदरबोर्ड ही कमाल उठवून ठेवतात, मग ती ३०० च्या आसपास खाते आणि कोणताही कूलर हात टेकतो. बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. तरी जास्त वाटलं तर दीर्घकाळाची मर्यादा १८० ते २०० वॅटवर आणा. वेग त्या प्रमाणात घटत नाही, कारण शेवटचे थोडे मेगाहर्ट्‌झ मिळवायला व्होल्टेज वाढवावा लागतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते.

बायोस अद्ययावतही करा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत होती. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या आज्ञावली) सुधारणा दिल्या, त्यातली सप्टेंबरची ०एक्स१२बी किंवा त्यानंतरची तुमच्याकडे हवी. किरकोळ विक्रीच्या खोक्यातल्या चिपची वॉरंटीही तीनवरून पाच वर्षं केली आहे. तापमान ठीक असूनही गेम कोसळत असतील तर ती वापरा.

एवढं करूनही पहिल्याच सेकंदाला १०० होत असेल तर पंप फिरतोय का ते बायोसमध्ये आरपीएम पाहून तपासा. शून्य दिसलं तर एक तर वायर निसटली आहे किंवा पंप गेला. रेडिएटर (पाणी थंड करणारी पंख्यांची जाळी) पुढे लावला असेल तर त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असं बघा, नाहीतर आतली हवा पंपात अडकून तो गुळगुळ आवाज करतो.

प्रश्न : पेस्ट दर वर्षी बदलावी का? (रत्नागिरी)

नाही. चांगली पेस्ट चार-पाच वर्षं सहज टिकते, आणि कूलर उघडला तर मात्र ती प्रत्येक वेळी नवीच लावायची. तुमच्याकडे पेस्टपेक्षा खारी दमट हवा जास्त त्रास देते: तिच्यामुळे धूळ चिकट होऊन पात्यांवर घट्ट बसते आणि उघड्या धातूला गंज धरतो. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, आणि मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. पावसाळ्यात रोज अर्धा तास चालवलं तरी आतला दमटपणा निघून जातो.